राजगुरूचा डोळा : ‘अमृतमंथन’ आणि धर्मवेडाचे चित्रण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात एका चित्रपटाचा विचार कशासाठी, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु ज्या बोलपटाचा आज परामर्श घ्यावयाचा आहे त्याचा जन्म एका पुस्तकातून झालेला आहे. नारायण हरी आपटे यांची ‘भाग्यश्री’ ही कादंबरी एके काळी मराठी वाचनालयांतून हातोहात फिरत असे. तिच्या आधारे प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली ‘अमृतमंथन’ हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. याच आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातने पुढे १९३७ साली ‘कुंकू’ काढला, तो अधिक गाजला. ‘कुंकू’ घराघरांतल्या दुःखाबद्दल बोलत होता; ‘अमृतमंथन’ देवळातल्या अंधाराबद्दल बोलत होता. देवळाबद्दल बोलणे आपल्या समाजात नेहमीच अधिक अवघड गेले आहे.

दुसरे कारण या प्रदेशाचे. धार आणि देवास ही दोन्ही गावे टेकडीवरच्या देवीच्या छायेत वसलेली आहेत. भक्तीचे मोठेपण या गावांना ठाऊक आहे आणि धर्माच्या नावावर उठणाऱ्या कलहाची झळही, विशेषतः धारला, लागलेली आहे. त्यामुळे नव्वदाहून अधिक वर्षांपूर्वीची ही चित्रकथा येथील श्रोत्यांना परकी वाटू नये.

कथानक थोडक्यात असे. एका प्राचीन राज्यात चंडिकेच्या उत्सवात पशुबळी आणि नरबळी देण्याची चाल आहे. राजा क्रांतिवर्मा विवेकी आहे. तो ही चाल आज्ञा काढून बंद करतो. देवीचा राजगुरू आणि त्याचे अनुयायी यांना हा धर्माचा घात वाटतो. तळघरात मिणमिणत्या उजेडात त्यांची गुप्त सभा भरते आणि राजाला ठार करण्याचे ठरते. हे काम यशोधर्मा या एका निष्ठावंतावर सोपविले जाते. तो ते पार पाडतो, आणि ज्याच्या आज्ञेवरून त्याने खड्ग उचलले तो राजगुरूच त्याचा विश्वासघात करतो. राजकन्या मोहिनी सिंहासनावर येते. पण तिच्या मनावर आणि राज्यावर सत्ता चालते ती राजगुरूची. यशोधर्म्याची मुले, माधवगुप्त आणि सुमित्रा, या अन्यायाविरुद्ध उभी राहतात. अखेर प्रजेला सत्य कळते आणि राजगुरू देवीपुढे स्वतःचेच शिर अर्पण करतो.

प्रभात कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. कंपनी पुण्यास आल्यानंतर नव्या स्टुडिओत तयार झालेला हा पहिला बोलपट. १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ या रंगीत चित्रपटाच्या निमित्ताने शांताराम जर्मनीस जाऊन आले होते. तेथील चित्रपटांतील छायाप्रकाशाचा खेळ त्यांनी जवळून पाहिला आणि तो ‘अमृतमंथन’मध्ये आपल्या कथेच्या कामी लावला. चित्रपटाच्या आरंभीच तळघरातील सभेवरून कॅमेरा फिरतो आणि मग पडदाभर दिसतो तो राजगुरूचा एकच डोळा. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांनी केली. त्यांच्या टपोऱ्या घाऱ्या डोळ्यांची ख्याती येथूनच सुरू झाली. मराठी आवृत्तीतला राजगुरू होता केशवराव दाते यांचा. रंगभूमीवर संयत अभिनयासाठी नावाजलेल्या दात्यांनी आवाज न चढविता भय निर्माण करता येते हे दाखवून दिले. नलिनी तर्खड यांची मोहिनी, शांता आपटे यांची सुमित्रा आणि केशवराव भोळे यांचे संगीत हेही या चित्रपटाचे बळ होय.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या देवळाच्या आणि तळघराच्या नेपथ्यामुळे प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा राहत असे, त्याचे कलादिग्दर्शक होते एस. फत्तेलाल, म्हणजे प्रभात परिवारातले साहेबमामा. पुढे १९३६ साली विष्णुपंत दामले यांच्यासमवेत त्यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. माधवगुप्ताची भूमिका करणारे सुरेशबाबू माने हे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांचे चिरंजीव. चंडिकेच्या कथेत हिंदू-मुसलमान हा विषय कोठेच नाही. परंतु ज्या मंडळींनी ती पडद्यावर आणली त्यांच्या घरात आणि कामात हा भेद आडवा येत नव्हता.

आता १९३४ या सालाकडे पाहू. त्या वर्षी महात्मा गांधींचा हरिजन दौरा चालू होता. २५ जून रोजी पुण्यात नगरपालिकेतर्फे त्यांचा सत्कार व्हावयाचा होता. सत्काराच्या जागी जात असलेल्या एका मोटारीवर बाँब टाकण्यात आला. ती मोटार गांधींची असावी असा हल्लेखोराचा समज झाला असावा. गांधी मागच्या मोटारीत असल्याने बचावले, पण इतर काहीजण जखमी झाले. हल्लेखोर कोण, हे कधी सिद्ध झाले नाही. अस्पृश्यतानिवारण हे धर्मावरचे संकट आहे अशी ठाम समजूत असणारी माणसे त्या काळी पुष्कळ होती, आणि शास्त्रार्थाने जे साधत नाही ते स्फोटकाने साधावे असे वाटणारेही त्यांत कोणी होते. ज्या गावात ‘अमृतमंथन’ तयार झाला त्याच गावात, त्याच वर्षी ही घटना घडली. चित्रपटाचा या घटनेशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण प्राचीन काळाचा पेहराव घातलेली ही कथा आपल्या काळापासून किती जवळ होती, हे यावरून कळते.

प्राचीन काळाचा पेहराव घालण्यालाही कारण होते. परकीय सरकारची सेन्सॉर व्यवस्था सावध होती. पुढच्याच वर्षी प्रभातने संत एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव आक्षेपामुळे बदलून ‘धर्मात्मा’ ठेवावे लागले. चालू काळाबद्दल सरळ बोलण्याची सोय नसली की कलावंत राजा-राणीची गोष्ट सांगतो आणि जाणता प्रेक्षक ती आपल्या गावाची गोष्ट म्हणून ऐकतो.

या चित्रपटाचे खरे मोल, धर्मवेड कसे काम करते याची जी उकल त्यात आहे, तिच्यात आहे. पहिली पायरी ही की धर्मवेडाचा आरंभ जमावातून होत नाही. तो चार भिंतींच्या आत, थोड्या माणसांत होतो. त्या तळघरात वादविवाद नाही. कोणी शंका विचारत नाही. बळी बंद झाल्याने देवी खरोखरच कोपली आहे काय, पीक बुडाले काय, रोगराई आली काय, असे तेथे कोणी विचारीत नाही. राजगुरूचा डोळा एकेका चेहऱ्यावरून फिरतो आणि तेवढ्यानेच उत्तरे गोठून जातात. त्या डोळ्याचा कलात्मक अर्थ हाच: ज्या ठिकाणी एकच डोळा पाहतो आणि बाकीचे सर्व केवळ पाहिले जातात, त्या ठिकाणी धर्म उरत नाही, धाक उरतो.

दुसरी पायरी हत्याराची. राजगुरू स्वतः राजाला मारीत नाही. तो यशोधर्म्यासारखा साधा, निष्ठावंत, मुलाबाळांचा धनी असलेला माणूस निवडतो. यशोधर्म्याला लोभ नाही, राजाशी वैर नाही. त्याच्याजवळ आहे ती फक्त श्रद्धा, आणि तिचाच वापर केला जातो. काम झाल्यावर त्याची उपयुक्तता संपते आणि त्याचा त्याग केला जातो. चित्रपटाचे सर्वांत उदास करणारे स्थळ राजाचा वध हे नव्हे, तर हा विश्वासघात होय. राजा आपल्या मतासाठी मरतो. यशोधर्मा दुसऱ्याच्या मतासाठी मारतो आणि मरतो, आणि त्याच्या मुलांच्या वाट्याला येतो तो केवळ कलंक.

तिसरी पायरी सत्तेची. मोहिनी वाईट नाही. ती तरुण आहे, पोरकी झालेली आहे आणि वडिलांच्या मारेकऱ्याचा सूत्रधार ज्याला म्हणावे त्याच्याच सल्ल्याने ती राज्य चालविते. धर्मवेडाला सिंहासनावर बसण्याची हौस नसते. सिंहासनावर बसलेल्याच्या कानाशी जागा मिळाली की त्याचे भागते.

आता शेवटाकडे वळले पाहिजे, कारण येथेच हा चित्रपट इतरांहून वेगळा होतो. बळी बंद करणारा राजा आणि त्याच्याविरुद्ध कट करणारा पुरोहित ही जोडी भारतीय साहित्याला नवी नव्हती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘विसर्जन’ या १८९० सालच्या नाटकात त्रिपुराचा राजा गोविंदमाणिक्य बळी बंद करतो आणि पुरोहित रघुपती त्याच्याविरुद्ध उठतो. पण तेथे रघुपतीचा लाडका शिष्य जयसिंह स्वतःचेच रक्त देवीला देतो. त्या शोकाने रघुपतीचे डोळे उघडतात आणि तो मूर्तीच फेकून देतो. रवींद्रनाथांचा पुरोहित बदलतो, कारण त्याच्या हृदयात एका मुलावरच्या मायेला जागा होती. ‘अमृतमंथन’चा राजगुरू बदलत नाही. पराभव समोर दिसत असताना तो पश्चात्ताप करीत नाही, क्षमा मागत नाही. राजाज्ञेने बंद केलेला बळी तो स्वतःच्या देहाने देऊन मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने अखेरचा विजय त्याचाच आहे.

हा शेवट वरवर न्यायाचा वाटतो. दुष्टाला शासन झाले असे प्रेक्षक मानतो. पण विचार करणाऱ्याला तो अस्वस्थ करतो. राजगुरू ढोंगी असता, तर प्रश्न सोपा होता. धन, मान, सत्ता यांसाठी धर्माचे सोंग घेणारा मनुष्य प्राण देण्याची वेळ आली म्हणजे पळून जातो. हा पळत नाही. ज्या खड्गाखाली त्याने इतरांना घातले त्याच खड्गाखाली तो स्वतःची मान ठेवतो. म्हणजे त्याची श्रद्धा खरी होती. निष्ठा, त्याग, निर्भयता हे सर्व गुण ज्यांना आपण सद्गुण म्हणतो ते त्याच्या ठायी होते. नव्हती ती फक्त एक गोष्ट, आपले चुकत असेल ही शंका. एवढ्या एका उणिवेने बाकीचे सारे गुण हलाहल होतात. पुराणातल्या समुद्रमंथनात अमृताआधी विष वर आले होते, आणि ते पचविण्यास शंकर होता. या कथेत ते विष पचविणारा कोणी नाही.

या चित्रपटाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. राजगुरूचे रूप इतके भयंकर आहे की धर्मवेडा मनुष्य पाहताक्षणी ओळखता येतो असा समज त्यामुळे होऊ शकतो. प्रत्यक्षात तो बहुधा सौम्य, सुशिक्षित आणि कुटुंबवत्सल असतो. दुसरे असे, की येथे प्रजा निष्पाप दाखविली आहे. ती केवळ फसविली जाते. लोक काही वेळा फसविले जातात हे खरे, पण काही वेळा ते आपण होऊन फसतात, कारण शेजाऱ्याविषयीचा जुना सल त्यांच्या मनात असतोच.

ही उणीव शांताराम यांनीच सात वर्षांनी भरून काढली. विश्राम बेडेकरांच्या कथेवरील ‘शेजारी’ हा चित्रपट १९४१ साली आला. हिंदीत तो ‘पडोसी’ झाला. तेथे तळघर नाही, चंडिका नाही. एका खेड्यातले दोन वृद्ध मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान, रोज एकमेकांच्या अंगणात बसणारे. धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाच्या स्वार्थापायी त्यांच्यात फूट पाडली जाते आणि दुरावलेले मित्र अखेर फुटलेल्या धरणाच्या पाण्यात एकत्र मरतात. भूमिकांची वाटणीही पाहण्यासारखी होती. मराठीत हिंदू मित्र केशवराव दाते, म्हणजे १९३४ चा राजगुरू. मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार. हिंदीत मिर्झा जागीरदारच, आणि हिंदू ठाकूर मात्र मझहर खान. ‘अमृतमंथन’ने धर्मवेडाचा उगम दाखविला, ‘शेजारी’ने ते आपल्या ओट्यापर्यंत कसे येते ते दाखविले. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ एक पाहावेत असे आहेत.

आता माळव्याकडे येऊ. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत. लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या या गावात देवीही थोरली-धाकटी असावी हे शोभूनच दिसते. दोघी बहिणींत वितुष्ट आले, मोठी पाताळात उतरू लागली, धाकटी टेकडी सोडून निघाली, आणि विनवणी केल्यावर दोघी होत्या तेथेच थांबल्या, अशी लोककथा सांगितली जाते. या कथेतल्या देवी रुसतात आणि विनवणीने थांबतातही. राजगुरूच्या चंडिकेला विनवणी करण्याची सोय नाही, कारण तिच्या वतीने बोलण्याचा मक्ता त्याने घेतला आहे.

भक्ती आणि धर्मवेड यांतला फरक देवासने एका परक्या लेखकालाही दाखविला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खाजगी चिटणीस म्हणून येथे राहिले. तेव्हाचा गोकुळअष्टमीचा उत्सव त्यांनी पाहिला. त्याचा उपयोग त्यांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९२४ च्या कादंबरीच्या तिसऱ्या भागात केला आणि देवासच्या पत्रांचे पुस्तक १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध केले. उत्सवातला गोंधळ, गलबला, अव्यवस्था त्यांना खटकली. पण देवापुढे देहभान विसरलेला राजा पाहून ते अंतर्मुखही झाले. त्या उत्सवाला कोणी शत्रू लागत नव्हता. भक्तीला देव पुरतो. धर्मवेडाला देवाबरोबर वैरीही हवा असतो. हीच ती कसोटी.

धारची गोष्ट अधिक नाजूक आहे. राजा भोजाच्या या नगरीत एकच पुरातन वास्तू एका समाजाला भोजशाळा आणि वाग्देवीचे स्थान म्हणून पूज्य आहे, तर दुसऱ्या समाजाला कमाल मौला मशीद म्हणून. २००३ साली येथे हिंसाचार झाला. त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याने मंगळवारी पूजा आणि शुक्रवारी नमाज अशी व्यवस्था लावून दिली. पुढे २००६, २०१३ आणि २०१६ या वर्षी वसंत पंचमी शुक्रवारीच आली आणि प्रत्येक वेळी शहराने श्वास रोखून धरला. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे सर्वेक्षणही झाले. वास्तूचे मूळ स्वरूप काय, हा प्रश्न पुराव्याचा आणि कायद्याचा आहे. व्याख्यानाच्या व्यासपीठावरून त्याचा निवाडा करणे योग्य नव्हे. परंतु एक गोष्ट निवाड्याची वाट पाहत नाही. विद्येची देवता जिच्या दिवशी पुजली जाते त्या पंचमीला पोलीस बंदोबस्त लागावा, पाटी-पुस्तक पुजणाऱ्या घरातल्या आईने मुलाला बाहेर जाऊ नको म्हणावे आणि तसेच शेजारच्या मोहल्ल्यातल्या आईनेही म्हणावे, ही दोन्ही घरांची हानी आहे. न्यायालय जागेचा निकाल देईल. शेजाराचा निकाल गावालाच द्यावा लागतो.

‘अमृतमंथन’ ही जुनी गोष्ट झाली असे मानण्याची सोय मात्र काळाने ठेवली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरावयास निघालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. ते अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करीत होते आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे झटत होते. त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि वर्षअखेर कायदा झाला. त्या कायद्याच्या नावातच ‘नरबळी’ हा शब्द आहे. म्हणजे १९३४ साली पडद्यावरच्या राजाने जी आज्ञा काढली तिच्यासारखी आज्ञा महाराष्ट्राला २०१३ साली काढावी लागली. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचाही अंत झाला. दाभोलकर खटल्यात २०२४ साली पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही, असे तेव्हा अनेकांनी बोलून दाखविले. प्रभातचा जन्म कोल्हापूरचा आणि उत्कर्ष पुण्याचा; याच दोन गावांत या घटना घडाव्यात आणि यशोधर्मा सापडला तरी तळघराचा प्रश्न उरावा, हे ‘अमृतमंथन’ पाहिलेल्या माणसाला विसरता येणार नाही.

क्रांतिवर्म्याने आज्ञा काढली, परंतु तळघरात बसलेल्या माणसांशी कोणी बोलले नव्हते. दाभोलकरांनी कायद्याची मागणी केली, पण त्याबरोबर गावोगाव जाऊन बोलण्याचे व्रतही सोडले नाही. कायदा हात धरू शकतो. मन बदलण्यास संवाद लागतो, आणि संवादाला जागा लागते. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी १९४८ साली आजारी अवस्थेत आलेले कुमार गंधर्व येथेच बरे झाले आणि येथल्या नाथपंथी जोग्यांकडून ऐकलेली कबीराची निर्गुणी भजने त्यांनी साऱ्या देशाला ऐकविली. याच गावात उस्ताद रजब अली खाँ यांनी आयुष्य घालविले. वर सगुण देवी, पायथ्याशी निर्गुणाचे गाणे, आणि दोहोंत भांडण नाही, अशी ही भूमी आहे.

ग्रंथालय ही तशीच एक जागा होय. येथे एकाच फडताळात पोथ्या असतात आणि त्यांच्यावर शंका घेणारी पुस्तकेही असतात. सभासदाला दोन्ही घरी नेता येतात आणि कोणी त्याच्या चेहऱ्यावर डोळा रोखून बसत नाही. ‘भाग्यश्री’सारखी जुनी कादंबरी आता फारशी कोणी मागत नाही. पुण्याच्या चित्रसंग्रहालयातील नायट्रेट फितींना जानेवारी २००३ मध्ये आग लागली, त्यात प्रभातच्याही मूळ फिती जळाल्या. अशा वेळी शंभर वर्षांच्या ग्रंथालयांवरची जबाबदारी वाढते. जुनी पुस्तके बांधून घ्यावीत, त्यांवरून निघालेले चित्रपट वर्षातून एकदा तरी सभासदांना दाखवावेत, आणि नंतर तासभर खुली चर्चा ठेवावी. त्या चर्चेला शेजारच्या मोहल्ल्यातल्या मंडळींनाही निमंत्रण असावे. शताब्दी वर्षाचा आरंभ ‘अमृतमंथन’ने करण्यास हरकत नाही, आणि त्यानंतरच्या महिन्यात ‘शेजारी’ लावावा.